खोलगट वक्र आणि रात्रीचे दृष्टिअंतर : सुरक्षित रस्ता आखणीचा एक पैलू

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींना प्राण गमवावे लागले. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास असला, तरी या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर झाले. दिवसाच्या वेळांचा विचार करता सायंकाळी ६ ते रात्री ९ हा काळ सर्वाधिक अपघातांचा ठरतो. अपघाताची कारणे सांगताना वाहनचालकाचा अतिवेग, मद्यपान आणि निष्काळजीपणा यांचा उल्लेख प्रथम होतो व तो अवाजवीही नाही. तथापि, चालकाला पुढचा रस्ता किती अंतरापर्यंत दिसावा, हे सर्वस्वी त्याच्या हाती नसते. रस्त्याची आखणी करणाऱ्या अभियंत्याने ते आराखड्याच्या कागदावर आधीच ठरवून टाकलेले असते.

या दृष्टीने विशेष अभ्यासावा असा घटक म्हणजे रस्त्याचा खोलगट वक्र, अर्थात ‘व्हॅली कर्व्ह’. स्थापत्य अभियांत्रिकीच्या स्पर्धा परीक्षांत त्यावर हमखास प्रश्न विचारला जातो. सामान्य अध्ययनाच्या विद्यार्थ्यांनाही पायाभूत सुविधांची गुणवत्ता म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे. वाहन विनाधक्का जाते तो रस्ता सुरक्षितच असतो, हा समज येथे खोटा ठरतो.

खोलगट वक्र म्हणजे काय?

रस्ता नकाशावर डावी-उजवीकडे वळतो, तसाच तो उभ्या प्रतलातही वर-खाली वळत असतो. दोन भिन्न उतार जेथे मिळतात तेथे टोकदार कोपरा राहू नये, म्हणून त्यांच्यामध्ये उभा वक्र बसविला जातो. चढ संपून उतार लागतो तेथे उंचवट्याचा, म्हणजे शिखर वक्र येतो. उतार संपून चढ सुरू होतो तेथे खोलगट वक्र येतो. मात्र खोलगट वक्रासाठी उतारानंतर चढच यावा लागतो असे नाही. ५ टक्क्यांच्या तीव्र उतारानंतर २ टक्क्यांचा सौम्य उतार आला, तरी त्यांना जोडणारा वक्र खोलगटच असतो. सौम्य चढ पुढे तीव्र झाला, तरी तेच म्हणता येईल.

दख्खनचे पठार, माळवा, छोटा नागपूर यांसारख्या ऊंच-सखल प्रदेशांत ओढे-नाले ओलांडताना असे वक्र वारंवार येतात. सपाट मैदानी प्रदेशही त्यांतून सुटलेला नाही. चौपदरी महामार्गावर गावाच्या वाहतुकीसाठी खालून वाट दिली, की मुख्य रस्ता भराव घालून उचलावा लागतो. अशा दोन उंचवट्यांच्या मध्ये मानवनिर्मित खोलगट भाग तयार होतो.

दिवसाचे दृश्य आणि रात्रीचे दृश्य

शिखर वक्रावरील धोका दिवसाही स्पष्ट असतो. उंचवट्याआडचे वाहन दिसत नाही व चालक आपोआप सावध होतो. खोलगट वक्राचे वर्तन नेमके उलट असते. उताराच्या माथ्यावरून दिवसा पाहिले, तर खालचा तळ आणि पलीकडचा संपूर्ण चढ डोळ्यांसमोर उलगडलेला दिसतो. दृष्टीला अडथळा नसतो, चालकाला विश्वास वाटतो आणि उतारामुळे वेगही वाढतो.

सूर्यास्तानंतर परिस्थिती पालटते. रात्री चालकाची नजर किती दूर जाऊ शकते याला महत्त्व उरत नाही. वाहनाच्या दिव्यांचा प्रकाश रस्त्याच्या पृष्ठभागावर जेथवर पडतो, तेथवरच त्याला दिसते. वाहन उतारावर असताना त्याचे दिवेही खाली रोखलेले असतात. समोरचा रस्ता मात्र वर उचलला जात असतो. परिणामी प्रकाशाचा झोत थोड्याच अंतरावर रस्त्याला भिडतो आणि त्यापलीकडचा चढ अंधारात राहतो. वक्र जितका आखूड, तितका हा प्रकाशित पट्टा लहान. त्या अंधारात नादुरुस्त होऊन उभा राहिलेला ट्रक, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, बैलगाडी, गुरे किंवा रस्ता ओलांडणारा पादचारी असू शकतो. म्हणूनच खोलगट वक्राची आखणी करताना रात्रीचे दृष्टिअंतर ही प्रमुख कसोटी मानली जाते.

थांबण्यासाठी लागणारे अंतर

अडथळा दिसल्यापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंत ते जेवढे अंतर कापते, त्याला थांबण्याचे दृष्टिअंतर म्हणतात. त्याचे दोन भाग पडतात. अडथळा दिसणे, त्याचे आकलन होणे, निर्णय घेणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांसाठी भारतीय मानकांत २.५ सेकंद धरले जातात. या काळात वाहन मूळ वेगानेच पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागल्यावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे वाहन थांबेपर्यंतचे अंतर येते. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेतल्यास सूत्र असे :

दृ = (०.२७८ × वे × २.५) + (वे × वे) ÷ (२५४ × घ)

येथे ‘दृ’ म्हणजे थांबण्याचे दृष्टिअंतर, ‘वे’ म्हणजे संकल्पित वेग आणि ‘घ’ म्हणजे घर्षणांक होय. घर्षणांक वेगानुसार सुमारे ०.४० ते ०.३५ एवढा धरतात. ताशी ८० किलोमीटर वेगासाठी घर्षणांक ०.३५ घेतल्यास पहिला भाग सुमारे ५६ मीटर व दुसरा सुमारे ७२ मीटर येतो. एकूण अंतर १२८ मीटर होते. ताशी १०० किलोमीटर वेगासाठी हेच अंतर सुमारे १८० मीटर होते. वेग सव्वापट झाला असता अंतर सुमारे १.४ पट होते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उताराच्या दिशेने जाताना त्यात आणखी थोडी भर पडते.

दोन निकष : सुखावहता आणि सुरक्षितता

खोलगट वक्राची लांबी ठरविण्यासाठी दोन निकष लावतात. पहिला निकष प्रवासाच्या सुखावहतेचा. शिखर वक्रावर केंद्रोत्सारी बल वरच्या दिशेने कार्य करते व वाहनाचा भार किंचित हलका होतो. खोलगट वक्रावर ते खालच्या दिशेने कार्य करते आणि वाहनाच्या वजनात मिळते. स्प्रिंगांवर दाब येतो व प्रवाशांना दणका जाणवतो. हा बदल एकाएकी होऊ नये, म्हणून केंद्रोत्सारी त्वरणाच्या वाढीचा दर सेकंदाच्या घनास ०.६ मीटर एवढा मर्यादित ठेवतात. दोन सारखे संक्रमण वक्र एकमेकांना जोडले आहेत असे मानून पुढील सूत्र मिळते :

ल = ०.३८ × वर्गमूळ (उ × वे × वे × वे)

‘ल’ म्हणजे वक्राची मीटरमधील लांबी. ‘उ’ म्हणजे दोन उतारांतील बैजिक फरक, दशांश अपूर्णांकात. ३ टक्के उतार हा उणे ०.०३ व २ टक्के चढ हा अधिक ०.०२ असल्यास त्यांतील फरक ०.०५ होतो. या ठिकाणी अनेक परीक्षार्थी चिन्हांकडे दुर्लक्ष करून ०.०१ असे उत्तर काढतात आणि पुढचे सर्व गणित चुकते.

दुसरा निकष दिव्यांच्या प्रकाशातील दृष्टिअंतराचा. यात दोन गोष्टी गृहीत धरतात. वाहनाचा दिवा रस्त्यापासून ०.७५ मीटर उंचीवर आहे आणि त्याचा उपयुक्त झोत वाहनाच्या अक्षापेक्षा १ अंश वर जातो. झोताची वरची कड ‘दृ’ अंतरावर दिव्याच्या पातळीपेक्षा ०.०१७५ दृ एवढी वर जाते, कारण १ अंशाच्या कोनाचे स्पर्शगुणोत्तर ०.०१७५ आहे. म्हणजे मूळ उताराची रेषा पुढे वाढविली, तर तिच्यापासून झोताच्या कडेची उंची (०.७५ + ०.०१७५ दृ) मीटर भरते. त्याच अंतरावर साधा पॅराबोला असलेला वक्र त्या रेषेपासून उ × दृ × दृ ÷ (२ × ल) एवढा वर उचललेला असतो. जेथे या दोन उंची समान होतात, तेथे झोत रस्त्याला भिडतो. समीकरण सोडविल्यावर पुढील सूत्र हाती येते :

ल = (उ × दृ × दृ) ÷ (१.५ + ०.०३५ दृ)

हे सूत्र वक्राची लांबी दृष्टिअंतरापेक्षा अधिक असतानाच लागू होते. लांबी कमी असल्यास झोत वक्र ओलांडून पुढच्या सरळ चढावर पडतो आणि सूत्र बदलते :

ल = (२ × दृ) − (१.५ + ०.०३५ दृ) ÷ उ

दोन्ही निकषांनी लांबी काढून त्यांतील मोठी लांबी स्वीकारावी, असा नियम आहे. या सूत्रांतील १.५ आणि ०.०३५ हे आकडे पाठ करण्यापेक्षा दिव्याची उंची व झोताचा कोन यांतून ते कसे आले, हे लक्षात ठेवणे हिताचे असते. प्रश्नपत्रिकेत दिव्याची उंची बदलून दिली, तरी मग गोंधळ होत नाही.

एक सोडविलेले उदाहरण

ऊंच-सखल प्रदेशातील राष्ट्रीय महामार्गासाठी भारतीय मानकांत ताशी ८० किलोमीटर हा नियामक संकल्पित वेग धरला गेला आहे. अशा रस्त्यावर ३ टक्के उतारानंतर २ टक्के चढ येतो असे मानू. उतारांतील फरक ०.०५ व थांबण्याचे दृष्टिअंतर १२८ मीटर आहे.

सुखावहतेच्या निकषाने : ०.०५ गुणिले ८० चा घन म्हणजे २५,६००. त्याचे वर्गमूळ १६०. त्यास ०.३८ ने गुणल्यास लांबी सुमारे ६१ मीटर.

दृष्टिअंतराच्या निकषाने : ०.०५ गुणिले १२८ चा वर्ग म्हणजे ८१९.२. छेद १.५ अधिक ४.४८ म्हणजे ५.९८. भागाकार सुमारे १३७ मीटर. ही लांबी १२८ पेक्षा अधिक असल्याने पहिले सूत्र योग्यच होते. प्रत्यक्षात १४० मीटर लांबी द्यावी.

दोन उत्तरांतील तफावत दुपटीहून अधिक आहे. समजा, आखणी करताना केवळ सुखावहतेचा विचार झाला आणि ६१ मीटरचाच वक्र बांधला गेला. रस्ता गुळगुळीत असेल. दिवसा त्यावरून जाणाऱ्या तपासणी पथकाच्या वाहनाला दणका बसणार नाही. परंतु रात्री तेथे दिव्यांचा प्रकाश किती दूर पोहोचेल? दुसरे सूत्र उलट सोडविल्यास उत्तर मिळते ७० मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला ७० मीटरवर उभा ट्रक दिसला, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ५५ ते ५६ मीटर संपतात. उरलेल्या १४ मीटरमध्ये वेग फारसा कमी होत नाही. वाहन ताशी सुमारे ७२ किलोमीटर वेगाने ट्रकवर आदळते. या चालकाने वेगमर्यादा ओलांडलेली नाही व त्याची प्रतिक्रियाही मंद नाही. ७० मीटर प्रकाशात सुरक्षितपणे थांबायचे तर त्याला ताशी सुमारे ५४ किलोमीटरपेक्षा अधिक वेग ठेवता आला नसता. पण तसे सांगणारी कोणतीही खूण त्या रस्त्यावर नाही.

आता खर्चाकडे पाहू. दोन्ही वक्र साधे पॅराबोला मानले, तर मध्यबिंदूवर १४० मीटरच्या वक्राचा पृष्ठभाग मूळ कोपऱ्यापासून सुमारे ०.८८ मीटर उंच असतो. ६१ मीटरच्या वक्राचा ०.३८ मीटर. म्हणजे मधोमध अर्धा मीटर भराव वाढतो. दुपदरी महामार्गाची १२ मीटर रुंदी धरल्यास व बाजूंचे उतार सोडून दिल्यास एकूण वाढीव भराव सुमारे ४०० घनमीटर होतो. १० घनमीटर क्षमतेच्या डंपरच्या साधारण ४० खेपांत एवढा मुरूम येऊ शकतो. त्या ४० खेपा वाचविण्याची किंमत पुढे अनेक वर्षे रात्री प्रवास करणाऱ्यांना मोजावी लागते.

गणितातील दोन सापळे

पहिला सापळा गृहीतकाच्या पडताळणीचा आहे. संकल्पित वेग ताशी १०० किलोमीटर, दृष्टिअंतर १८० मीटर व उतारांतील फरक ०.०४ असल्यास पहिल्या सूत्राने लांबी सुमारे १६६ मीटर येते. ती १८० पेक्षा कमी असल्याने मुळातील गृहीतकच चुकले. दुसऱ्या सूत्राने ३६० उणे १९५, म्हणजे १६५ मीटर हे योग्य उत्तर मिळते. फरक १ मीटरचा असला, तरी पडताळणीची पायरी लिहिली नाही तर उत्तर अपूर्ण राहते. याच रस्त्यावर सुखावहतेसाठी लागणारी लांबी केवळ ७६ मीटर आहे.

दुसरा सापळा ऋण उत्तराचा. ताशी ८० किलोमीटर वेग व उतारांतील फरक केवळ ०.०१ असता दुसऱ्या सूत्राने लांबी ऋण येते. ही आकडेमोडीतील चूक नव्हे. दोन उतारांतील कोन इतका अल्प आहे की वक्र नसला, तरी झोत पुरेशा अंतरापर्यंत पोहोचतो, असा त्याचा अर्थ होय. या वेगाला उतारांतील फरक साधारणतः ३ टक्क्यांच्या आत असेपर्यंत दृष्टिअंतराचा निकष नियंत्रक ठरत नाही. अशा वेळी सुखावहतेचा निकष व मानकांतील किमान लांबी पाहावी लागते. ताशी ८० किलोमीटरसाठी ही किमान लांबी ५० मीटर व १०० किलोमीटरसाठी ६० मीटर दिलेली आहे. उतारांतील फरक अनुक्रमे ०.६ टक्के व ०.५ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास उभ्या वक्राची आवश्यकताच नसते.

ग्रामीण रस्ते आणि फरशी पूल

हा विषय केवळ वेगवान महामार्गांपुरता मर्यादित नाही. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने लाखो किलोमीटरचे बारमाही रस्ते खेड्यांपर्यंत नेले. अशा रस्त्यांवर ओढा ओलांडण्यासाठी अनेकदा फरशी पूल किंवा मोरी असते व दोन्ही बाजूंनी रस्ता तीव्र उताराने खाली येतो. ५ टक्के उतार व ५ टक्के चढ, ताशी ५० किलोमीटर वेग आणि ६० मीटर दृष्टिअंतर असे उदाहरण घेतल्यास सुखावहतेसाठी सुमारे ४३ मीटर लांबी पुरते, तर दिव्यांच्या प्रकाशातील दृष्टिअंतरासाठी १०० मीटर लागते. वेग कमी झाला, तरी तफावत कायम आहे. ग्रामीण रस्त्यावर रात्री पायी चालणारी माणसे, सायकली व जनावरे अधिक असतात आणि रस्त्यावरील दिवे क्वचितच असतात, हे लक्षात घेता या १०० मीटरचे महत्त्व अधिकच आहे.

रेल्वेखालील भुयारी मार्गांचा उल्लेखही येथे आवश्यक ठरतो. भारतीय रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आणली. त्यासाठी अनेक ठिकाणी मर्यादित उंचीचे भुयारी मार्ग बांधण्यात आले. फाटकांवरील अपघात टाळणारी ही मोठी सुधारणा होय. मात्र उपलब्ध जागा थोडी असल्याने या मार्गांचे उतार तीव्र व तळाचे वक्र आखूड होण्याचा संभव असतो. खोलगट वक्रावर दिवसाही दृष्टी अडते ती अशाच ठिकाणी. डोक्यावरील पुलाचा तळभाग ट्रक किंवा बसमध्ये उंचावर बसलेल्या चालकाच्या नजरेआड पलीकडचा चढ नेतो. म्हणून तेथे दिव्यांच्या निकषाबरोबरच पुलाखालून दिसणाऱ्या अंतराचीही स्वतंत्र तपासणी करावी लागते.

पाण्याचा प्रश्न

खोलगट वक्राच्या तळाशी पावसाचे पाणी एकत्र येते. साध्या पॅराबोलात सर्वांत खालचा बिंदू नेहमी मधोमध नसतो. तो सौम्य उताराच्या बाजूला सरकतो. वरील १४० मीटरच्या वक्रात तो आरंभापासून ८४ मीटरवर येतो. मोरीचे किंवा पाणी काढून देणाऱ्या तोंडाचे स्थान या बिंदूवरून ठरवावे लागते. अंदाजाने मधोमध मोरी बांधल्यास पाणी १४ मीटर दूर साचत राहते.

येथे लांबीच्या बाबतीत एक समतोलही साधावा लागतो. पाण्याच्या निचऱ्यासाठी रस्त्याच्या लांबीच्या दिशेने बांधीव गटारे असल्यास किमान ०.५ टक्का व कच्ची गटारे असल्यास १ टक्का उतार अपेक्षित असतो. तळाजवळ तर हा उतार शून्यावर येतो. आपल्या उदाहरणात तळाच्या दोन्ही बाजूंना १४ मीटर, म्हणजे एकूण २८ मीटर भागात उतार ०.५ टक्क्यापेक्षा कमी आहे. वक्र अकारण लांबवला, तर हा सपाट पट्टाही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून दृष्टिअंतराला पुरेल एवढी लांबी देऊन, तळाशी रस्त्याचा आडवा उतार आणि गटारांची व्यवस्था यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. साचलेल्या पाण्याने घर्षण घटते आणि थांबण्याचे अंतर वाढते. म्हणजे निचऱ्याचा प्रश्न पुन्हा दृष्टिअंतराशीच येऊन मिळतो.

मानके, कायदा आणि उत्तरदायित्व

भारतातील रस्तेविषयक मानकांना दीर्घ परंपरा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने रस्ते विकास हा राष्ट्रीय हिताचा विषय असल्याचे मत मांडले. त्या समितीच्या शिफारशींना अनुसरून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. या संस्थेने १९७६ मध्ये दृष्टिअंतराविषयी, १९८० मध्ये ग्रामीण भागातून जाणाऱ्या महामार्गांच्या भौमितिक आखणीविषयी आणि १९८३ मध्ये खास उभ्या वक्रांविषयी मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केले. मानकांत काळानुसार सुधारणा होत असल्याने प्रत्यक्ष कामात चालू आवृत्तीच आधारभूत मानावी लागते.

मानकांचे पालन न झाल्यास जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा अधिनियमाने दिले. त्यातील कलम १९८-अ नुसार रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल यांसाठी जबाबदार असलेले प्राधिकरण, कंत्राटदार व सल्लागार यांनी विहित सुरक्षा मानके पाळणे बंधनकारक आहे. त्यांच्या कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रक्कम मोठी नसली, तरी अपघाताच्या उत्तरदायित्वात चालकाबरोबर रस्ता आखणाऱ्यालाही स्थान मिळाले, हे या कलमाचे महत्त्व होय.

आधीच बांधलेल्या आखूड वक्रांचे काय करावे, हा व्यावहारिक प्रश्न आहे. नूतनीकरणाच्या वेळी भराव घालून वक्र लांबविणे हा कायमस्वरूपी उपाय. तो शक्य होईपर्यंत त्या भागात रस्त्यावरील दिवे लावता येतात. कारण प्रकाशित रस्त्यावर वाहनाच्या दिव्यांवरील अवलंबन कमी होते. मात्र वीजपुरवठा खंडित होताच मूळ धोका परत येतो. प्रकाश परावर्तित करणारे खांब व रस्त्यात बसविलेले परावर्तक, वेग कमी करण्याची सूचना आणि वाहने उभी करण्यास मनाई हे पूरक उपाय होत. रस्ता सुरक्षा परीक्षण करणाऱ्या पथकाने अशा जागांची पाहणी दिवसाप्रमाणेच रात्रीही करणे अगत्याचे आहे. समोरून वाहन येताच चालक ‘अप्पर’वरून ‘डिपर’वर येतो आणि झोत आणखी खाली उतरतो, ही रोजची वस्तुस्थिती सूत्रातील १ अंशाच्या गृहीतकात सामावलेली नाही. म्हणून सूत्राने दिलेली लांबी ही किमान मर्यादा समजावी.

समारोप

२०२१ ते २०३० या संयुक्त राष्ट्रांच्या रस्ता सुरक्षा दशकात अपघाती मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्यामागील विचार असा की माणसाकडून चूक होणारच. त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी रस्त्याची रचना असावी. खोलगट वक्राचे उदाहरण याच्याही पुढे जाते. तेथे चालकाने कोणतीही चूक केली नसतानाही अपघात घडू शकतो, कारण थांबण्यासाठी लागणारे अंतर रस्त्याने त्याला दाखविलेलेच नसते. सुखावहता प्रवाशाला तत्काळ जाणवते व तिची तक्रारही होते. दृष्टिअंतराची उणीव दिवसा कोणालाच जाणवत नाही. म्हणून तिची काळजी आराखड्याच्या टप्प्यावरच घ्यावी लागते. रस्त्यांच्या लांबीइतकेच या न दिसणाऱ्या गुणवत्तेला महत्त्व मिळेल, तेव्हाच पायाभूत सुविधांचा विकास सर्वार्थाने सुरक्षित म्हणता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. खोलगट वक्राच्या आखणीत दिवसाऐवजी रात्रीचे दृष्टिअंतर नियंत्रक का ठरते? सकारण स्पष्ट करा.

२. ४ टक्के उतारानंतर २ टक्के चढ येतो. संकल्पित वेग ताशी ८० किलोमीटर व थांबण्याचे दृष्टिअंतर १२८ मीटर असल्यास दोन्ही निकषांनी वक्राची लांबी काढा. (उत्तर : सुमारे ६७ मीटर व १६४ मीटर, स्वीकारावयाची लांबी १६४ मीटर.)

३. वरील वक्रातील सर्वांत खालच्या बिंदूचे स्थान साधा पॅराबोला मानून काढा. (उत्तर : आरंभापासून सुमारे १०९ मीटर.)

४. ‘रस्ते अपघातांच्या उत्तरदायित्वात आखणी करणाऱ्या यंत्रणेचा समावेश आवश्यक आहे.’ मोटार वाहन सुधारणा अधिनियम, २०१९ च्या संदर्भात चर्चा करा.